मी दुरुस्त केलेली चाल

आमच्या घरामागे एक शाळा आहे. सकाळी साडेदहाला तिथं प्रार्थना होते आणि प्रार्थनेनंतर एक समूहगीत. ते गीत मराठवाड्यातल्या बऱ्याच शाळांमध्ये म्हणतात. समूहगीतांची एक छोटी पुस्तिका निघाली होती, तिच्यात ते आहे आणि त्याखाली ‘चाल’ या शब्दापुढे माझं नाव छापलेलं आहे. गल्लीतले लोक पाहुण्यांना माझी ओळख करून देतात ती त्यावरूनच. मी मान हलवतो.

ती चाल माझी नाही. माझं वय सत्त्याहत्तर आहे आणि हे वाक्य मी पहिल्यांदा कागदावर लिहितोय. लिहिलं की छातीवरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. चोरी हा या गोष्टीतला लहान भाग आहे. मोठा भाग कोणता, हे मलाही यंदाच समजलं.

मी जुन्या शहरातल्या एका शाळेत संगीत शिकवायचो, गुलमंडीपासून चालत पाच मिनिटांवर. संगीताच्या सगळ्या परीक्षा मी पहिल्या श्रेणीत पास केलेल्या. माझे गुरुजी फार शिस्तीचे होते. शिष्याकडून रागात न बसणारा स्वर लागला की ते ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत, नुसता पेटीचा भाता बंद करायचे. पेटी थांबायची आणि आपला एकट्याचा चुकलेला आवाज त्या खोलीत उघडा पडायचा. पुढचं कोणी काही बोलायचं नाही. आपणच पुन्हा सुरुवात करायची. त्या शांततेला मी इतका घाबरायचो की हळूहळू माझ्या गळ्यातून चुका निघणंच बंद झालं. गुरुजींनी पाठ थोपटली. मी समजलो, मला गाणं आलं.

शाळेत एक शिपाई होते. मुलं आणि आम्ही शिक्षक त्यांना मामा म्हणायचो. त्यांचं घर चितेगावच्या पुढे एका वस्तीवर. वाडवडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारे. मामांनी आपली मेंढरं भावाकडे सोपवली आणि शाळेत लागले. रोज पैठण रस्त्यावरच्या पहिल्या बसनं यायचे. घंटा, हजेरीपट, वर्गांमधले खडू आणि पाण्याची पिंपं, ही त्यांची कामं. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठे असावेत, पण मला कायम ‘सर’.

त्या वर्षी समूहगायनाची मोठी स्पर्धा होती. आमच्या मराठीच्या बाईंनी गीत लिहिलं आणि मुख्याध्यापकांनी मला सांगितलं की चाल उत्तम झाली पाहिजे. मी एकामागून एक चार चाली बांधल्या. चारही शुद्ध होत्या. कुठल्या रागात बांधल्यात, वादी कोणता, संवादी कोणता, सगळं मी फळ्यावर लिहून दाखवू शकलो असतो. मुलं त्या म्हणताना जांभया द्यायची.

एका दुपारच्या सुट्टीत मी संगीताच्या खोलीत डबा खात होतो. बाहेर व्हरांड्यात मामा नळाखाली बादली लावून उभे होते आणि गुणगुणत होते. शब्द बाईंच्या गीताचे. चाल माझी नव्हती.

मी डबा तसाच ठेवून बाहेर आलो.

“मामा, हे काय म्हणताय?”

“काय नाय सर. पोरं म्हनत्यात तेच.”

“पोरं असं म्हणत नाहीत.”

“मग चुकलं आसंल.” त्यांनी नळ बंद केला. “तुमची चाल ध्यानात ऱ्हाईना. मग म्हनलं आपलीच लावावी. बादली भरंस्तोवर काय तरी लागतंच की.”

“पुन्हा म्हणा.”

त्यांनी पुन्हा म्हटलं. नजर पाण्यावरच. पहिल्या दोन ओळी ऐकल्या आणि मी मनातल्या मनात राग ठरवून टाकला, भीमपलास. मग तिसरी ओळ उतरत आली, आणि शेवटी सा वर येऊन थांबायला हवी होती तिथं ती आलीच नाही. सा च्या थोडं वर, रिषभाच्या आसपास ती लटकत राहिली. कोमल रे म्हणावा तर त्याहून चढा, शुद्ध म्हणावा तर उतरलेला. भीमपलासात रिषभाला उतरताना नुसतं शिवायचं असतं, त्याच्यावर मुक्काम करायचा नसतो. हा माणूस तिथं मुक्काम करत होता, आणि तोही पेटीच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेवर. आणि मग ते गप्प झाले. तो स्वर तसाच राहिला व्हरांड्यात.

माझ्या अंगावर काटा आला. हे मला स्पष्ट आठवतं, कारण त्यानंतर लगेच मी जे बोललो तेही आठवतं.

“शेवट चुकला,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत मामा संगीताच्या खोलीत यायला लागले. चाल मला हवी होती, पण नीट करून हवी होती. खरं म्हणजे मी ती ऐकून स्वतः दुरुस्त करून मुलांना शिकवली असती तरी चाललं असतं. मामांना शिकवायची काही गरज नव्हती. तरी मी शिकवलं. मला वाटायचं, एवढा देवदत्त गळा आहे, याला वळण लागलं तर सोनं होईल. अजूनही कधी कधी मी स्वतःला समजावतो की हेतू चांगला होता.

मी पेटी घेऊन बसायचो, ते सतरंजीवर मांडी घालून. ते म्हणायचे, शेवटी त्या अधल्यामधल्या जागी थांबायचे, आणि मी भाता बंद करायचो.

“चुकलं व्हय?” ते विचारायचे.

“मामा, सा म्हणजे घर. चाल कुठंही फिरून येऊ दे, शेवटी घरी आली पाहिजे.”

“येती की. पर लगीच कामून आत घ्यायची? मागून मानसं यायची आसत्यात.”

“कुठली माणसं?”

“माझ्या मागं म्हननारी.”

“इथं कोणी नाही मामा. तुम्ही आणि मी.”

त्यांनी खोलीभर बघितलं आणि हसले. “व्हय, ते बी खरंय.”

हे बोलणं माझ्या डोक्यात शब्दशः राहिलंय. त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. मी त्याचा अर्थ विचारला नाही. मला वाटलं, खेड्यातला माणूस आहे, काहीतरी गमतीनं बोलतोय.

आठ दिवस लागले. सहाव्या-सातव्या दिवशी चाल कधी घरी यायची, कधी बाहेर राहायची. मी हट्ट सोडला नाही. एकेक ओळ वीस-वीस वेळा म्हणून घेतली, सा ची पट्टी दाबून धरली, त्यांचा आवाज त्या पट्टीवर येऊन टेकेपर्यंत. आठव्या दिवशी ते लागोपाठ पाच वेळा बिनचूक सा वर आले. मी म्हणालो, “आता पक्कं झालं मामा. आता झोपेतसुद्धा चुकणार नाही.”

ते उठताना माझ्या पायांकडे वाकले. मी मागं सरकलो. म्हणाले, “लई मेहनत घेतली सर माझ्यावर. एवढं कोनी घेत नाय.”

स्पर्धेत आमचा पहिला नंबर आला. परीक्षकांनी व्यासपीठावर बोलावून विचारलं, चाल कोणाची? दोन शब्दांचं उत्तर होतं, ‘मामांची आहे’. मी एकाच शब्दात दिलं. मामा पेटी उचलायला आले होते आणि पडद्याशेजारी उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या खोट्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

परतताना टेम्पोत मुलं ओरडत होती. मी मामांच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, “पुढच्या वेळी तुमचं नाव सांगू.” ते म्हणाले, “राहू द्या सर. माझं कशाला नाव? साळंचं झालं, बास.” या वाक्याच्या आधारावर मी पुढची अनेक वर्षं काढली. पुस्तिकेसाठी गीत मागितलं तेव्हा मी फॉर्म भरला आणि ‘चाल’ पुढे नाव लिहिताना हेच वाक्य आठवलं. त्यांनीच राहू द्या म्हटलं होतं.

त्यानंतर कधीतरी, किती महिन्यांनी ते सांगता येत नाही, माझ्या लक्षात आलं की व्हरांड्यातलं गुणगुणणं थांबलंय.

“मामा, हल्ली गात नाही?”

“नाय सर. आता नळाला पानी लई जोरात येतं. बादली लगीच भरती.”

आमच्या शाळेच्या नळाला जोरात पाणी कधीच आलं नाही. मी हसलो आणि वर्गात गेलो.

ते आधी निवृत्त झाले, मग मी. चार वर्षांपूर्वी ते गेल्याचं कळलं, तेही तेरावा होऊन गेल्यावर. मी भेटायला गेलो नाही. पण ते गेल्यापासून घरामागच्या शाळेतलं गीत मला नीट ऐकवेनासं झालं. मुलं सा वर यायची आणि मला वाटायचं, त्यांच्यामागे अजून कोणीतरी म्हणतंय, आणि ते सा वर आलेलं नाही. मी खिडकी लावून घेऊ लागलो. उन्हाळ्यातही. बायको म्हणायची, “स्वतःचंच गाणं सोसवत नाही असा माणूस मी पहिला बघितला.”

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी दारात एक बाई उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या असतील. हातात सीताफळांची पिशवी. म्हणाल्या, “सर, ओळखलं नाही ना? मी तुमच्या शाळेतल्या मामांची मुलगी.” त्या अजिंठ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. सुट्टीला आईकडे आल्या होत्या.

चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी येण्याचं कारण सांगितलं.

“आमच्या वस्तीवर चैत्रात बिरोबाची जत्रा असते सर. रात्रभर ओव्या म्हणतात. आबा तिथं म्होरं असायचे, चाल त्यांचीच असायची. मी लहान होते तेव्हा मधेच त्यांनी सोडलं. कामून सोडलं ते घरात कोणी सांगत नाय. आता माझा चुलतभाऊ म्होरं उभा राहणार आहे. त्याला आबांची चाल पाहिजे. आमच्याकडं कुणाजवळ भरून ठेवलेली नाय, मोबाईल आले तोवर आबांचं जत्रेतलं म्हणणं बंद झालं होतं. आई म्हणाली, साळंतल्या सरांनी लिहून घेतली होती, त्यांना विचार.”

मी म्हणालो, “बघतो. जुन्या वह्या आहेत.”

“तेवढं कराच सर. नाहीतर ती चाल गेलीच म्हणायची.” मग त्या जरा लाजून हसल्या. “आणि तुमचं गीत आमच्या शाळेत रोज म्हणतो बरं का. मीच बसवलंय पोरांकडून. शेवटी सा वर कसं एकदम शांत वाटतं.”

त्या क्षणी सांगायला हवं होतं. समोर त्या बसल्या होत्या, त्यांच्या वडिलांची चाल माझ्या नावानं रोज मुलांना शिकवत होत्या. मी म्हणालो, “हो का? वा.”

त्या गेल्यावर बायकोनं विचारलं, “तिला काही सांगायचं राहिलं का तुमचं?”

“नाही.”

“मग कपातला चहा तसाच कसा राहिला?”

त्या दिवशी दुपारी मी माळ्यावरची ट्रंक काढली. वही सापडली. स्पर्धेच्या वर्षाची, पुठ्ठ्याची, कडा उंदरांनी खाल्लेली. व्हरांड्यात चाल पहिल्यांदा ऐकली त्याच दुपारी मी ती स्वरलिपीत उतरवून ठेवली होती. मी ते पान चष्म्याजवळ धरलं. शेवटच्या ओळीच्या अखेरीस माझ्या अक्षरात लिहिलं होतं: रे, सा. सा खाली समेची फुली.

मामा आठव्या दिवशी सा वर आले. माझ्या वहीत ते पहिल्याच दिवशी आले होते. मी कानानं एक ऐकलं आणि हातानं दुसरं लिहिलं, आणि लिहिताना मला ते जाणवलंसुद्धा नव्हतं. त्या अधल्यामधल्या जागेसाठी माझ्याकडे खूणच नव्हती. मग ऐकलेलं ठेवणार कुठं?

मग वाटलं, गळ्यात असेल. मी म्हणून पाहिलं. चाल सरळ सा वर गेली. पुन्हा म्हटलं, रिषभावर थांबलो; तो स्वच्छ शुद्ध रे लागला, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळतील असा. थोडा खाली आणला तर कोमल. मधलं काही येईना. अंघोळ करताना, भाजी निवडताना, आपलं आपल्याला कळायच्या आत येईल म्हणून मी दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत गुणगुणायचो. गळा बरोबर घरी जायचा. मी त्याला चाळीस वर्षं तेच शिकवलं होतं.

शेवटी मी पेटी घेऊन जुन्या शहरात, पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. म्हणालो, पांढरी दोनची, म्हणजे माझ्या कोमल रे ची, पितळी पत्ती थोडी घासून चढवून द्या, काळी दोनच्या, म्हणजे शुद्ध रे च्या, खाली येईल एवढी.

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “मास्टर साब, लोगां सुर मिलाने कू लाते. आप बिगाडने कू लाए क्या?”

“हां. बिगाडने कू.”

“घर में सब खैरियत है ना?”

त्यानं घासून दिली. आम्ही वाजवून पाहिली. आणखी घासली. पुन्हा वाजवली. ती नुसती बेसूर पेटी झाली होती. मामांचा स्वर बेसूर नव्हता. कारागीर म्हणाला, “गले का सुर होगा साब. वो पत्ती में नै बैठता.” मी पेटी तिथंच सोडून घरी आलो. अजून आणायला गेलो नाही.

होळीच्या आसपास मी त्या बाईंना फोन केला आणि वस्तीवर गेलो. पैठण रस्त्यावरच्या कारखान्यांची फाटकं संपल्यावर त्या स्कूटीवर घ्यायला आल्या होत्या. घर साधं, पुढं पत्र्याची पडवी, बाजूला मामांच्या भावाच्या मेंढरांचा वाडा. मामांची बायको खाटेवर बसली होती. शेजारी खाली एक फार म्हातारे गृहस्थ होते, मामांचे आत्येभाऊ. त्यांना सगळे तात्या म्हणत होते. मामा म्होरं असताना तात्या झील धरायचे. झील म्हणजे पुढच्यानं ओळ म्हणून सोडली की ती मागच्यांनी उचलून पुढं न्यायची. तेवढ्यात पुढचा श्वास घेतो आणि पुढची ओवी रचतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. परीक्षेत दोन गुणांना यायचं.

मी बसलो आणि प्यायला दिलेलं पाणी संपायच्या आत सांगून टाकलं. शाळाशाळांतून म्हणतात ते गीत मामांच्या चालीत आहे. मी ती माझ्या नावावर खपवली.

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मामांची बायको मात्र शांत होती.

“म्हाईत हाय की,” ती म्हणाली. “त्यांनी सांगितलं व्हतं. पयला नंबर आला त्या दिशी पेढे घिऊन आले. लई खुशीत. म्हनले, सरांनी माझ्या चालीला नीटनेटकं केलं.”

“वहिनी, मी नाव—”

“नावाचं काय नाय व्हो.”

मग तात्या बोलले. त्यांना एका कानानं ऐकू येत नाही, त्यामुळे ते मोठ्यानं बोलतात.

“त्या सालच्या जत्रंला ह्यो म्होरं हुबा ऱ्हायला. ढोल लागला. ह्येनं पैली ओवी म्हनली अन् खाली नेऊन बसवली. पार खाली! आमी मागं तोंडं उघडून हुबे. धरायचं काय? त्यानं काय ठिवलंच नव्हतं धराया. म्या म्हनलं, लेका, आमाला घे की आत. त्यानं दुसऱ्यांदा म्हनली. पुन्ना बसवली. तिसऱ्यांदा लोकं हसाया लागली. कोन तरी वरडलं, मामा साळंत जाऊन शानं झालं, आता एकटंच म्हनत्यात! त्यानं ढोलवाल्याला हात केला, गुमान मागं जाऊन बसला. पुन्ना म्होरं आलाच नाय.”

वाड्यात एक मेंढरू खोकलं.

“घरी बसून म्हनायचे,” मामांची बायको म्हणाली. “रोज. मेंढरं आत घेतली की बसायचे. ती जागा येईचना. म्या म्हनायची, जाऊ द्या, आसं गानं काय एक हाय का. तर म्हनायचे, सरांनी लई मेहनतीनं बसवलंय गं, ते काय निघंना.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी तिच्याकडे न बघता जमिनीकडे बघत होतो. मी नाव घेतलं म्हणून माफी मागायला गेलो होतो. नाव त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. मी त्यांचा गळा घेतला होता. मागून येणाऱ्या माणसांसाठी त्यांनी उघडी ठेवलेली जागा मी बुजवली होती, आणि इतकी पक्की बुजवली होती की तीस वर्षं रोज खणूनही त्यांना ती सापडली नाही. झोपेतसुद्धा चुकणार नाही, असं मीच म्हणालो होतो.

“तात्या, तुम्हाला तरी आठवत असेल,” मी म्हणालो. “तुम्ही रोज तीच जागा धरायचा.”

“आमी धरतो ते त्यानं दिल्यावर. आपल्या आपुन येत नाय ते. माझ्या तोंडात त्याच्या फुडचं हाय, त्याचं नाय.” मग ते माझ्याजवळ सरकले आणि चांगल्या कानामागं हात धरला. “तुमी ऐकलंय न्हवं? म्हना. मला मिळालं की म्या धरतो, मग कळंल.”

मी म्हटलं. शेवटच्या ओळीच्या आधी थांबलो, श्वास घेतला, आणि सा वर न जाता वरच राहिलो. तात्यांचं तोंड उघडलं होतं, झील घ्यायला तयार. ते तसंच मिटलं.

“नाय.”

पुन्हा म्हटलं, जरा उतरवून.

“नाय. लई खाली.”

पुन्हा.

“जवळ हाय. पर हितं नाय.”

किती वेळा म्हटलं मोजलं नाही. प्रत्येक वेळी त्या म्हाताऱ्याचं तोंड उघडायचं, गळ्याच्या शिरा ताणायच्या, आणि आवाज न फुटता मिटायचं. मुलगी मोबाईल हातात धरून बसली होती, मिळालं की भरून घ्यायला. शेवटी माझा आवाज बसला तेव्हा तिनं मोबाईल खाटेवर पालथा ठेवला.

निघताना मी खिशातलं पत्र काढलं. पुस्तिका काढणाऱ्यांना लिहिलेलं होतं, की चालीपुढचं माझं नाव काढून मामांचं घालावं. मुलीनं ते दोनदा वाचलं.

“हे पाठवू नका सर.”

“का? निदान हे तरी व्हायला पाहिजे.”

“ह्या चालीखाली आबांचं नाव नको. ही आबांची नाय.” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. “लोकं ऐकतील आणि म्हणतील, मामा असं गायचे. ते असं नव्हते गात.”

“माझीही नाही ती.”

“मग कुणाचंच नका लिहू.” तिनं पत्र घडी करून परत दिलं. “आणि मी उद्या पोरांकडून काय म्हणून घेऊ ते सांगा. शेवट चुकीचा आहे म्हणून सांगू? मग बरोबर कुठला, ते विचारतील.”

तिची आई म्हणाली, “आगं, म्हातारं मानूस हाय, सोड.” मी पत्र घरी आणून फाडलं आणि दुसरं लिहिलं, फक्त माझं नाव काढा म्हणून. पुस्तिका काढणाऱ्यांचं काम बंद पडलेलं आहे, पत्र परत आलं. म्हणून हे इथं लिहितोय. कोणाचंही नाव घातलेलं नाही, त्याचं कारण वर आलंच आहे.

चैत्रात जत्रा झाली. मी गेलो नाही. चुलतभाऊ म्होरं उभा राहिला आणि दुसऱ्या गावाकडची चाल म्हटली, असं कळलं. लोकांना आवडली म्हणे.

होळीच्या वेळी वस्तीवरून निघताना तात्यांनी माझा फोन नंबर घेतला होता. वैशाखात त्यांचा पहिला फोन आला. नातसून लावून देते आणि ते बोलतात. नमस्कार नाही, कसे आहात नाही.

“आलं का?”

मी गुणगुणून दाखवतो. पलीकडे त्यांचं तोंड उघडलेलं असणार.

“नाय,” ते म्हणतात. “जवळ हाय.”

पुढच्या आठवड्यात पुन्हा. एकदा मी म्हणालो, “तात्या, माझ्याकडून नाही येणार ते. माझा गळाच तसा नाही.” तर म्हणाले, “गळ्याचं नाय इचारत. तुमी त्ये ऐकलंय. ऐकलेलं जात नसतंय कुटं. बगा, हुडका. मी हाय आजून.”

गेल्या दोन आठवड्यांत त्यांचा फोन आलेला नाही. मी नंबर काढून ठेवलाय. पण फोन केला तर काय म्हणून करू? त्यांच्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही, आणि दुसरं काही ते माझ्याशी बोलत नाहीत.